चित्रपटातील शॉट आणि कॅमेऱ्याच्या हालचाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुपट करू पाहणारे विद्यार्थी, हौशी नाट्यसंस्थांमधून कॅमेऱ्याकडे वळलेले दिग्दर्शक आणि चित्रपट जाणतेपणाने पाहू इच्छिणारे प्रेक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना एक सूत्र मी सतत हाताशी धरले आहे: कॅमेरा आणि माणूस यांच्यात किती अंतर आहे, हे आधी ठरवावे. लेन्स, उंची आणि हालचाल त्यानंतर ठरतात.

शॉट, टेक आणि सीन यांत फरक काय?

चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे सलग टिपले जाते, तो एक टेक. तोच शॉट मनासारखा होईपर्यंत त्याचे दोन, पाच किंवा वीस टेक होऊ शकतात. संकलनानंतर पडद्यावर दोन कटांच्या, म्हणजे दोन जोडांच्या, मध्ये जे सलग दिसते त्याला शॉट म्हणतात. एका जागी, एका सलग वेळात घडणारा प्रसंग म्हणजे सीन. त्यात एकच शॉट असेल किंवा चाळीसही असतील.

लाँग, मिड, क्लोज हे शॉट कसे ओळखायचे?

यासाठी माणसाचे शरीर हेच माप आहे. परिसर मोठा आणि माणूस लहान दिसला तर एक्स्ट्रीम लाँग शॉट, डोक्यापासून पायापर्यंत माणूस चौकटीत मावला तर लाँग किंवा फुल शॉट, कमरेपासून वर दिसला तर मिड, छातीपासून वर दिसला तर मिड क्लोज आणि चेहऱ्याने चौकट व्यापली तर क्लोज-अप. आपल्याकडे सेटवर ‘टाइट क्लोज’ म्हणतात तेव्हा कपाळाचा वरचा भाग आणि हनुवटीचे टोक चौकटीबाहेर गेले तरी चालते. डोळे मात्र चौकटीच्या वरच्या एक तृतीयांश भागात नीट बसावे लागतात.

एक व्यावहारिक पथ्य असे की चौकटीची कड सांध्यावर येऊ देऊ नये. मान, कोपर, गुडघा किंवा घोटा येथे माणूस ‘कापला’ गेला की तो अवयवच तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर किंवा पोटरीवर कड आली, तर डोळा उरलेले शरीर आपोआप पूर्ण करून घेतो.

डोळा, ओठ, थरथरणारे बोट असा एखादाच भाग पडदाभर दाखवला की तो एक्स्ट्रीम क्लोज-अप. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने पुण्यात आल्यावर केलेल्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांनी साकारलेल्या राजगुरूचा डोळा असाच पडद्यावर येतो. आजही तो पाहताना अंगावर काटा येतो, कारण प्रत्यक्ष आयुष्यात इतक्या जवळून आपण फक्त आपल्या अगदी जिव्हाळ्याच्या माणसाचा डोळा पाहतो. परक्या आणि क्रूर माणसाच्या इतके जवळ जाणे भाग पडले, की त्या जवळिकीचीच भीती वाटू लागते.

क्लोज-अप घेताना कॅमेरा जवळ न्यावा की लांबची लेन्स लावावी?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तरही सर्वांत अधिक उपयोगी पडते. लांबची लेन्स म्हणजे मिलिमीटरचा आकडा मोठा असलेली, समोरचा कमी भाग मोठा करून दाखवणारी लेन्स. चेहरा पडद्यावर तेवढ्याच आकाराचा येत असेल तर दोन्ही मार्ग सारखेच, असे पुष्कळांना वाटते. एक हिशेब मांडून पाहू. ३६ × २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) ३५ मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरवर ठेवला, किंवा ८५ मिलिमीटरची लेन्स लावून एक मीटरवर ठेवला, तर चेहरा चौकटीत जवळपास सारखीच जागा व्यापतो. परंतु कान नाकाच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे असतात. पहिल्या मांडणीत नाक ४० आणि कान ५२ सेंटिमीटरवर आहेत, म्हणून नाक कानांच्या तुलनेत ३० टक्के मोठे उमटते. दुसऱ्या मांडणीत ही अंतरे १०० आणि ११२ होतात आणि फरक १२ टक्क्यांवर येतो. म्हणजे चेहऱ्याची ठेवण अंतराने बदलली. लेन्सने फक्त किती भाग दिसावा तेवढे ठरवले.

पार्श्वभूमीचेही तसेच. ३५ मिलिमीटरची लेन्स आडव्या दिशेने सुमारे ५४ अंश पाहते, तर ८५ मिलिमीटरची सुमारे २४ अंश. पहिल्या क्लोज-अपमध्ये पात्राच्या मागची खोली, खिडकी, भिंतीवरचे कॅलेंडर सगळे चौकटीत येते. दुसऱ्यामध्ये भिंतीचा एखादा तुकडा तेवढा उरतो आणि तोही बहुधा धूसर असतो. पात्र आपल्या घरात गुदमरते आहे हे सांगायचे असेल, तर मी कॅमेरा जवळ नेईन आणि घर दिसू देईन. पात्र स्वतःच्या विचारात हरवले आहे, भोवतालचे त्याला काहीच उमगत नाही, असे असेल तर मागे सरकून लांबची लेन्स लावीन.

झूम आणि ट्रॉली यांत फरक कसा ओळखायचा?

अंगणात एक स्त्री उभी आहे आणि तिच्या मागे चार मीटरवर तुळशीवृंदावन आहे, अशी कल्पना करा. कॅमेरा तिच्यापासून चार मीटरवर आहे. झूम करून चित्र दुप्पट केले, तर स्त्रीही दुप्पट होते आणि वृंदावनही दुप्पट होते. सगळे चित्र एखाद्या सपाट छायाचित्रासारखे जवळ ओढले जाते. आता झूमला हात न लावता ट्रॉलीवरून, म्हणजे रुळांवर सरकणाऱ्या गाड्यावरून, कॅमेरा दोन मीटर पुढे नेला, तर स्त्री दुप्पट मोठी होते, पण वृंदावन आठ मीटरवरून सहा मीटरवर आल्यामुळे जेमतेम सव्वापटीहून थोडे अधिक वाढते. दोघांमधली जागा जाणवू लागते. कडेला ओसरीचा खांब असेल तर तो चौकटीतून सरकत बाहेर जातो आणि आपण स्वतः अंगणात पाऊल टाकल्याचा भास होतो.

ओळखायची खूण हीच: जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकमेकींवरून सरकत असतील तर कॅमेरा हलला आहे. त्या एकमेकींना चिकटून एकत्रच फुगत असतील तर तो झूम आहे.

यावरून झूम कमी दर्जाचा, असा निष्कर्ष काढू नये. दूरवरून कोणीतरी टक लावून पाहते आहे, गर्दीतला एकच चेहरा अचानक कोणाच्या तरी लक्षात आला आहे, अशा जागी झूमच खरा ठरतो, कारण पाहणारा जागचा हललेला नसतो.

माणूस तेवढाच राहतो आणि मागचे दृश्य दूर पळते, तो परिणाम कसा साधतात?

वरच्या अंगणातच थांबू. कॅमेरा चार मीटरवरून दोन मीटरवर नेताना त्याच वेळी लेन्स ५० मिलिमीटरवरून २५ वर आणली, तर स्त्रीचा आकार बदलत नाही, पण वृंदावन आधीच्या दोन तृतीयांश इतके लहान होते. ट्रॉली पुढे आणि झूम मागे, किंवा उलट, असे दोन्ही एकाच तालात चालावे लागतात. १९५८ च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटात उंचीच्या भयाने नायकाला येणारी घेरी दाखवण्यासाठी ही युक्ती प्रथम गाजली. तेथे जिन्याची छोटी प्रतिकृती करून ती आडवी ठेवली होती. त्यामुळे कॅमेरा उभ्या दिशेने न्यावा लागला नाही, जमिनीला समांतर सरकवून काम भागले. नवख्या लघुपटांत हा परिणाम फार लवकर वापरला जातो. कथेत पायाखालची जमीन खरोखर सरकत असेल, तरच तो ठेवावा.

लो अँगल म्हणजे सामर्थ्य आणि हाय अँगल म्हणजे दुबळेपणा, हे खरे का?

लो अँगल म्हणजे खालून वर पाहणारा कॅमेरा, हाय अँगल म्हणजे वरून खाली पाहणारा. हे समीकरण पाठ्यपुस्तकात सोयीचे आहे आणि अनेकदा लागूही पडते, पण त्यावर विसंबू नये. वरून पाहिलेले मूल दुबळे वाटेल. वरूनच पाहिलेला सेनापती नकाशासारख्या पसरलेल्या रणांगणाचा धनी वाटेल.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास चुकते. कॅमेरा ‘आय लेव्हल’ला ठेवा म्हटले की ट्रायपॉड उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास लावला जातो. परंतु आपल्या घरांतले कितीतरी प्रसंग जमिनीवर घडतात: पंगत, भाजी निवडणे, पोथीवाचन, आजारी माणसाच्या अंथरुणाशी बसणे. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. उभ्या उंचीवरून हे सारे टिपले, तर प्रत्येक पात्र नकळत हाय अँगलमध्ये जाते आणि कॅमेरा घरात येऊन दारातच ताटकळलेल्या पाहुण्यासारखा राहतो. कॅमेरा खाली उतरवून त्यांच्या पंगतीत बसवला, की त्याच खोलीचा जिव्हाळा लगेच चित्रात येतो. त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. बुटका ट्रायपॉड, नाहीतर एखादा पाट पुरतो.

‘सजेशन’ म्हणजे काय? ‘लाइन तोडू नका’ असे का सांगतात?

दोन पात्रे बोलत असताना एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा दाखवणे म्हणजे ओव्हर द शोल्डर शॉट. आपल्या सेटवर खांद्याच्या त्या धूसर कडेला ‘सजेशन’ म्हणतात: ‘डावीकडून थोडं सजेशन घे’. समोरचे माणूस तेथेच आहे, एवढे ती कड सुचवते. सजेशन काढून टाकले की तो सोलो क्लोज होतो आणि पात्र एकटे पडते. भांडणाच्या प्रसंगात आरंभी सजेशन ठेवून, शब्द लागल्याच्या क्षणापासून सोलोवर जाणे, एवढ्यानेही नाते तुटल्याचे दिसते.

लाइन म्हणजे त्या दोघांच्या नजरांना जोडणारी काल्पनिक रेषा. ओटीवर माय आणि लेक शेंगा सोलत समोरासमोर बसल्या आहेत. कॅमेरा अंगणाच्या बाजूला असताना माय डावीकडे आणि लेक उजवीकडे दिसते. माय उजवीकडे पाहते, लेक डावीकडे पाहते. कॅमेरा अंगणाच्या बाजूच्या अर्धवर्तुळात कोठेही ठेवला तरी हे टिकते. तो रेषा ओलांडून घराच्या बाजूला गेला, तर मायही डावीकडे पाहू लागते आणि कट जोडल्यावर दोघी एकाच दिशेला पाहून तिसऱ्याच कोणाशी बोलत असल्यासारख्या दिसतात. रेषा ओलांडायचीच असेल तर कॅमेरा शॉटमध्येच सरकत पलीकडे न्यावा, किंवा एखादे पात्र उठून जागा बदलत असताना जावे, म्हणजे प्रेक्षकाला नवी दिशा कळते.

याच्याच जोडीचे आणखी एक पथ्य आहे. एकाच पात्राच्या सलग दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदलावा, नाहीतर कट चुकून पडल्यासारखा खटकतो.

पॅन करताना चित्र थरथरते किंवा तुटक दिसते, याचे कारण काय?

पॅन म्हणजे कॅमेरा जागीच ठेवून डावी-उजवीकडे फिरवणे; वर-खाली फिरवणे म्हणजे टिल्ट. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ सुट्या चित्रांनी, चालतो. कॅमेरा वेगाने फिरला तर लागोपाठच्या दोन चौकटींत दीपस्तंभासारखी उभी वस्तू इतकी दूर सरकलेली असते की डोळ्याला ती उड्या मारताना दिसते. छायालेखक एक जुना अंदाज वापरतात: एखाद्या वस्तूला चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सुमारे सात सेकंद लागावेत. धावत्या माणसाबरोबर पॅन करताना हे बंधन सैल होते, कारण डोळा माणसावर खिळलेला असतो. अतिशय वेगाने फिरवून सगळे पुसट करून टाकणारा व्हिप पॅनही चालतो, कारण तेथे काही पाहणे अपेक्षितच नसते.

थरथरीचे दुसरे कारण दिव्यांचे असते. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून साध्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर म्हणजे प्रत्येक चौकटीला किती वेळ प्रकाश मिळावा हे ठरवणारी झडप; ३६० अंश म्हणजे एका चौकटीचा पूर्ण काळ. २४ चौकटींना शटर १८० अंशांवर ठेवले तर प्रत्येक चौकट १/४८ सेकंद उघडी राहते, आणि हा काळ दिव्यांच्या तालाशी जुळत नाही. शटर १७२.८ अंश, म्हणजे १/५० सेकंद केले की लुकलुक थांबते. अमेरिकेत राहून लघुपट करणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र १४४ अंश, म्हणजे १/६० सेकंद ठेवावे, कारण तेथील वीज ६० हर्ट्झची आहे.

ट्रॉलीचा शॉट नीट येण्यासाठी काय लागते?

वेळ आणि पाणसळ. कॅमेरा सरकवण्याची कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंच्या कंपनीचे अलेक्झांद्र प्रोमियो यांनी व्हेनिसमध्ये नावेत कॅमेरा ठेवून काठावरची घरे टिपली, आणि १९१४ च्या ‘काबिरिया’ या इटालियन चित्रपटात चाकांच्या गाड्यावरचा कॅमेरा भव्य सेटमधून संथपणे फिरला. नाव पाण्यावर तरंगते. ट्रॉलीच्या रुळांना मात्र ती समपातळी आपण मिळवून द्यावी लागते.

वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात आम्ही लघुपटाचे चित्रीकरण करत होतो. ओसरीची फरशी दगडी आणि शतकभराच्या वापराने झिजलेली होती. सेटिंगचे दोघे दादा तीन रूळ जोडून प्रत्येक सांध्याखाली लाकडी पाचरी सारत होते, गवंड्याची असते तशी पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाहत होते. प्रकाश उतरत चालला होता, म्हणून मी त्यांना शेवटचा सांधा तसाच सोडायला लावला. वृद्ध अभिनेत्रीने पत्र वाचून डोळे मिटले त्याच क्षणी ट्रॉलीचे मागचे चाक त्या सांध्यावरून गेले, ‘टक’ असा आवाज झाला आणि चौकट बोटभर हिसकली. तसे डोळे मिटणे पुढच्या टेकमध्ये पुन्हा आले नाही. तेव्हापासून रूळ लागताना मी मध्ये बोलत नाही. चाक करकरू नये म्हणून रुळांवर टाल्कम पावडर टाकतात. साध्या ध्वनिमुद्रणाला तिची फार मदत होते.

ट्रॉली ढकलणाऱ्याचे काम पडद्यावर कोणाला दिसत नाही, पण शॉटचा श्वास त्याच्या हातात असतो. सुरुवात आणि शेवट कळू न देता वेग चढवणे व उतरवणे, आणि नट उशिरा वळला तर स्वतःही थांबणे, हे केवळ सरावाने येते. त्याला संवाद ऐकवावेत, प्रसंग समजावून सांगावा. केवळ ‘ढकल’ म्हणून चालत नाही.

स्टेडिकॅम, गिंबल आणि खांद्यावरचा कॅमेरा यांतले काय निवडावे?

स्टेडिकॅम हे गॅरेट ब्राउन यांनी १९७० च्या दशकात घडवलेले साधन. चालकाच्या अंगावरील जाकिटाला स्प्रिंगचा हात जोडलेला असतो आणि त्यावर वजनाने तोललेला कॅमेरा असतो. चालण्यातला वर-खाली होणारा धक्का स्प्रिंग शोषून घेते. गिंबलमध्ये मोटारी असतात आणि त्या कॅमेऱ्याचे तीन दिशांतले कलणे व वळणे सावरतात, पण वर-खाली उसळणे त्या थांबवत नाहीत. म्हणूनच गिंबल घेऊन चालणाऱ्याची चाल दृश्यात उतरते. गुडघे किंचित वाकवून, टाच आधी टेकवत चालले तर ती पुष्कळ कमी होते.

खांद्यावरच्या कॅमेऱ्यात माणसाचा श्वास येतो. तो प्रसंगाला हवा असेल तर ठेवावा. ‘घाई आहे, ट्रायपॉड नको’ या कारणाने घेतलेला हँडहेल्ड प्रेक्षकाला लगेच कळतो.

कॅमेरा एखाद्या वस्तूलाच बांधला तर?

तर जग हलते आणि माणूस स्थिर राहतो. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) मध्ये नायिका बागेत झोपाळ्यावर झोके घेते, तेव्हा कॅमेरा तिच्याबरोबरच झोके घेतो. तिचा चेहरा चौकटीत टिकून राहतो आणि मागची झाडे येत-जात राहतात. कॅमेरा जमिनीवर असता तर आपण झोका पाहिला असता. येथे तिच्या मनात काय हेलावते आहे ते आपण पाहतो. तिच्यातले आणि आपल्यातले अंतर त्या सबंध वेळात बदलत नाही, यातच त्या शॉटचे मर्म आहे.

कॅमेरा न हलवता चित्रपट कंटाळवाणा होत नाही का?

होत नाही, जर चौकटीच्या आत काही घडत असेल. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये न्यायालय बहुतांशी दूरवरच्या, स्थिर चौकटीतून दिसते. न्यायाधीश, वकील, कारकून आणि बाकांवर ताटकळणारी माणसे एकाच वेळी समोर असतात आणि कोणाकडे पाहायचे ते प्रेक्षकाने ठरवायचे असते. कामकाज संपल्यावर खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात, तरीही कॅमेरा तेथेच असतो. जवळ जाऊन कोणाचा तरी चेहरा दाखवला असता, तर आपल्याला दया वाटून सुटका झाली असती. त्या अंतरामुळे आपण त्या व्यवस्थेसमोर बसून राहतो.

पॉइंट ऑफ व्ह्यू शॉट कधी वापरावा?

पात्राच्या डोळ्यांनी पाहिलेले दाखवायचे असेल तेव्हा. त्याआधी किंवा नंतर त्या पात्राचा पाहतानाचा चेहरा असावा, म्हणजे नजर कोणाची ते कळते. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) चा शेवट यापुढे जातो. टवाळी करणाऱ्यावर जब्याने, म्हणजे चित्रपटाच्या किशोरवयीन नायकाने, भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. त्या क्षणी कॅमेरा टवाळखोराच्या जागी उभा आहे आणि कॅमेऱ्याच्या जागी आपण आहोत. इतका वेळ आपण जब्याच्या बाजूने असल्याची जी खात्री बाळगली होती, तिच्यावरच तो दगड येतो.

ड्रोनचा शॉट घेण्याआधी काय पाहावे?

‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र नॅनो गटात मोडते. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग केलेले असून हिरव्या भागात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते, पिवळ्या व लाल भागांत आधी परवानगी लागते. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा चित्रीकरणाच्या दिवशीही पुन्हा तपासावा. शॉटविषयी सांगायचे तर, उंचीची भुरळ आवरावी. शेताच्या बांधावरून वीस फुटांवर सरकणारे ड्रोन बहुधा चारशे फुटांवरच्या ड्रोनपेक्षा अधिक काही सांगते.

पहिल्या लघुपटाचे शॉट डिव्हिजन कसे लिहावे?

शॉट डिव्हिजन म्हणजे प्रसंगातल्या शॉटची क्रमवार यादी. वही आडवी धरून पाच रकाने आखावेत: शॉट क्रमांक, काय घडते, शॉटचा आकार, कॅमेऱ्याची उंची व हालचाल, आणि शेवटचा रकाना ‘अंतर’. त्या शेवटच्या रकान्यात लेन्सचा आकडा लिहू नये. कॅमेरा पात्रापासून किती पावलांवर उभा राहणार, ते लिहावे. मग चित्रीकरणाच्या जागी एकट्याने जाऊन ती पावले प्रत्यक्ष मोजावीत. भिंत आड येते, कपाटाचे दार उघडत नाही, खिडकीतले ऊन चार वाजता सरकते, हे तेथेच समजते आणि निम्मी यादी तेथेच बदलते. बदललेली यादी त्याच संध्याकाळी छायालेखकाबरोबर बसून वाचावी, आणि ज्या ओळीत हालचाल लिहिली आहे तेथे ‘ही कोणामुळे सुरू होते?’ असे एकमेकांना विचारावे. पात्र उठले, आवाज आला, कोणी दार उघडले, असे काही उत्तर मिळाले तर हालचाल ठेवावी. उत्तर मिळाले नाही तर त्या ओळीपुढे ‘स्थिर’ असे लिहून पुढे जावे.